राजपुत्राची छाटणी

"अण्णा, मागच्या दारी पेर लावलाय," असं मी फोनवर सांगितलं तेव्हा तासगावात वारा पडलेला होता, नेटवर्क ठणठणीत होतं आणि अण्णांचे दोन्ही कान जागेवर होते. तरी त्यांनी ऐकलं ते 'पेरू'.

पुढच्या आठ दिवसांत ही बातमी सावळज, मणेराजुरी अशी गावं घेत घेत मिरजेच्या आत्यापर्यंत पोचली आणि पोचेपर्यंत तिला चांगली फळं धरली. अण्णांच्या धाकट्यानं इंग्लंडात पेरूची बाग केली! आत्यानं फोन करून विचारलं, "आतनं लाल का पांढरा?" एका चुलत्यांना एकरी किती झाडं बसवली आणि ठिबक केलंय का, हे हवं होतं. आता माझ्या मागच्या दारी काय आहे? कपडे वाळत घालायची दोरी, प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणि या सगळ्यावर पडणारा पाऊस. त्यातल्या एका कोपऱ्यात मी अंगठ्याएवढ्या जाडीची एक काठी रोवली होती. एकरी हिशेब काढायला जमीन आधी गुंठ्यात तरी यावी लागते.

अण्णांना मी दोष देत नाही. चूक पोर्तुगीजांची आहे. त्यांच्या भाषेत पेराला 'पेरा' म्हणतात. अमेरिकेतलं एक वेगळंच फळ घेऊन ही मंडळी आपल्या किनाऱ्याला लागली, आणि ते साधारण तसंच दिसतं म्हणून त्यालाही तेच नाव चिकटलं. आपला 'पेरू' तिथून आला, असं कोशकार सांगतात. कोकणीत तर पेरूला अजूनही 'पेर'च म्हणतात. म्हणजे गोव्यात पेर मागितला तर पेरू मिळतो आणि तासगावात पेर म्हटलं तर पेरू ऐकू येतो. मूळ मालक बिचारा नासपती हे फारसी नाव लावून बाजारात बसलाय.

त्याचं आणखी जुनं नाव तर थेट दरबारी आहे. ह्युएनत्संग सातव्या शतकात भारतात आला. त्यानं लिहून ठेवलंय की कनिष्काच्या काळी चीनकडचे काही ओलीस पंजाबात येऊन राहिले आणि पीच आणि पेर त्यांनीच इकडे आणले. म्हणून इथले लोक पेराला 'चीनराजपुत्र' म्हणत. हे मी अण्णांना मोठ्या हौसेनं सांगितलं. पेरूचा गैरसमज मिटला होता आणि त्यांचा आवाज जरा उतरला होता.

"राजपुत्र व्हय?" अण्णा म्हणाले. "मग झालं. आता त्येची हुजरेगिरी कर."

मी राहतो त्या गावाचं नाव वुस्टर. स्पेलिंगमधली निम्मी अक्षरं गिळून टाकली की हा उच्चार उरतो. इथं पेराला फार मान. शहराच्या मानचिन्हावर काळे पेर आहेत. 1575 साली पहिली एलिझाबेथ राणी इथं आली, फळांनी लगडलेलं पेराचं झाड बघून खूश झाली आणि चिन्हात पेर घाला म्हणाली, अशी आख्यायिका आहे. राणीनं तो खाऊन बघितला असता तर चिन्हावर दुसरं काही आलं असतं. कारण हा वुस्टरचा काळा पेर म्हणजे झाडाला लागलेला धोंडा. कच्चा खाता येत नाही, निवांत शिजत ठेवावा लागतो.

पण या पेरानं माझं एक काम केलं. वुस्टरशर काउंटीच्या क्रिकेट संघाच्या बिल्ल्यावरही तीन काळे पेर आहेत. कपिलदेव या संघाकडून खेळला, आणि 2006 साली आपल्या श्रीरामपूरचा झहीर खानही. त्या मोसमात त्यानं 78 बळी घेतले.

"छातीवर तीन पेर लावून?" अण्णांनी खात्री करून घेतली.

"हो."

"मग असू दे. लाव."

असा सातासमुद्रापलीकडून परवाना मिळाला. एक झाड तोवर लावून झालं होतं, पण आमच्या घरी परवानगी नेहमी नंतरच मिळते.

जात निवडताना मला वधूवर सूचक मंडळाचं रजिस्टर आठवलं होतं. नर्सरीच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक पेराची उंची, घराणं, स्वभाव आणि 'जोडीदार हवा' हा रकाना. मी दोन घेतले.

पहिला कॉन्फरन्स. 1885 साली लंडनला चिझिकमध्ये पेर या विषयावर राष्ट्रीय परिषद भरली होती. हर्टफर्डशरमधल्या रिव्हर्स यांच्या रोपवाटिकेनं तिथं एक नवा लांबुडका पेर मांडला. तो सगळ्यांना पसंत पडला आणि त्याचं नावच 'कॉन्फरन्स' पडलं. परिषदा आपल्याकडेही भरतात. ठराव होतात, आभार होतात, अल्पोपाहार होतो. पण परिषदेतून फळ निघाल्याचं माझ्या ऐकिवातलं हे एकमेव उदाहरण.

दुसरा विल्यम्स. हा जन्मला 1770च्या सुमारास, बर्कशरमधल्या एका शाळामास्तरांच्या परसात. विल्यम्स नावाच्या रोपवाटिकावाल्यानं तो सगळीकडे पोचवला म्हणून ते नाव. पुढे काही झाडं बोटीतून अमेरिकेला गेली आणि नाव मागेच राहिलं. ज्या बार्टलेट साहेबांनी तिथली ती बाग घेतली, त्यांनी स्वतःचं नाव देऊन झाडं विकायला काढली. 1828 साली उलगडा झाला की दोन्ही पेर एकच. तोवर नाव रुळलं होतं. आजही तो इंग्लंडात विल्यम्स आणि अमेरिकेत बार्टलेट. आईला यात काडीचं नवल वाटलं नाही. "म्हायेरचं एक, सासरचं एक," ती म्हणाली. "दोनशे वर्सात पयल्यांदाच एका बाप्याला भोगाया लागलं म्हणून तुमी लिवून ठेवलं."

दोन झाडं अशासाठी की एकट्या कॉन्फरन्सला थोडीफार फळं धरतात, विल्यम्सचं तेवढंही नाही. शेजारी दुसऱ्या जातीचं झाड असेल आणि दोघं एकाच वेळी फुलत असतील तर खरं जमतं. या दोघांचा फुलोऱ्याचा गट एकच. गुण जुळले, नाडीचं कुणी विचारलं नाही.

खुंटाचं प्रकरण मात्र नाजूक. पेराचं झाड बियांपासून वाढवलं तर ते कौलांच्या वर जातं आणि फळ द्यायला दहा-पंधरा वर्षंही लावतं. म्हणून पेराची काडी क्विन्स नावाच्या झाडाच्या खुंटावर बांधतात. झाड ठेंगणं राहतं आणि तीन-चार वर्षांत फळाला येतं. कॉन्फरन्स या क्विन्सबरोबर सुखानं नांदतो. विल्यम्सचं त्याच्याशी पटत नाही, जोड कच्चा राहतो, कधी वाऱ्यानं मोडतोही. मग दोघांच्या मध्ये तिसऱ्याच जातीच्या पेराचा एक तुकडा घालतात, ज्याचं दोन्हीकडे जमतं. लग्न जमवणारे असे गृहस्थ आपल्याकडेही असतात, फक्त ते लग्नानंतर निघून जातात. हा तुकडा जन्मभर दोघांच्या मध्ये उभा.

अण्णांना हे समजवायला अर्धा तास लागेल या तयारीनं मी बसलो होतो. त्यांना अर्धं मिनिट लागलं.

"डॉगरिजवर थॉमसन चढिवतो तसंच की. ह्यात काय इंग्लंड?"

इथे वाचकांना सांगायला हवं की अण्णा द्राक्षबागायतदार आहेत. आमच्या घरची दिनदर्शिका चैत्रापासून फाल्गुनापर्यंत चालत नाही. ती एप्रिलच्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत चालते, आणि तिथून मार्चमध्ये माल उतरेपर्यंत कुणी आजारी पडायचं नाही, कुणी लग्न काढायचं नाही. माझं स्वतःचं लग्न मेमध्ये झालं. मुहूर्त गुरुजींनी काढला असं मुलीकडच्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो शेवटची गाडी भरल्यावर निघाला.

आता काठीकडे येतो. डिसेंबरात एका लांबच लांब खोक्यातून दोन्ही झाडं घरी आली. कुंडी नाही, माती नाही, पान नाही. नुसती उघडी मुळं, ओल्या कागदात गुंडाळलेली. झाड झोपलेलं असताना असंच उचलून पाठवतात आणि नोव्हेंबर ते मार्चच्या मध्ये कधीही लावतात. बायकोनं खोकं उघडून आत बघितलं आणि विचारलं, "झाडं मागनं येणारेत का?"

इथली माती लाल आणि चिकण. पावसाळ्यात, म्हणजे वर्षभर, बुटाला धरते ती सोडत नाही. एक काठी आधीच रोवून झाली होती. आता दुसरीसाठी मी खड्डा खणत होतो, पोरानं मोबाइल धरला होता आणि मोबाइलमध्ये अण्णा होते.

"फोन खाली घे. आणखी खाली. खड्डा दाव. ह्यो खड्डा हाय का परात?"

मी खणलं.

"शेणखत किती टाकलंस?"

मी पुस्तकाचा दाखला दिला. पुस्तकात म्हटलं होतं की खड्ड्यात खत घालू नका, मुळं तिथंच गोल गोल घुटमळतात, बाहेरच्या मातीत जायचा आळस करतात. पलीकडे शांतता पसरली. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"मुळं आळशी हुत्यात," अण्णा सावकाश म्हणाले. "मुळं हायत का नातवंडं?"

पोरानं मोबाइल हलवला. शेवटी तडजोड झाली. खत खड्ड्यात नाही, वरून पसरायचं, खोडापासून वीतभर लांब. मग अण्णा म्हणाले, "आन् जोड मातीच्या वर ऱ्हाऊ दे. गाडलास तर वरची काडी सोताची मुळं सोडंल, खुंटाचा उपेग काय मग?" मी पुस्तक उघडलं. पुढच्या पानावर शब्दशः हेच होतं. पुस्तक आणि अण्णा यांचं एकमत झाल्याची ही पहिली नोंद. दुसरी व्हायला फार वर्षं गेली.

कुंपणापलीकडे एक म्हातारे गृहस्थ राहतात. त्यांच्या परसात पेराचं एक अवाढव्य झाड आहे, कुणी लावलं त्यांनाही ठाऊक नाही. ते त्याला पाणी घालत नाहीत, खत घालत नाहीत. त्याच्या खाली खुर्ची टाकून चहा पितात, एवढीच मशागत. दर सप्टेंबरात ते झाड इतके पेर टाकतं की ते फाटकाबाहेर खोक्यात भरून ठेवतात, वर चिठ्ठी: 'फुकट, घेऊन जा.' आमच्या झाडांची निगा राखायची चार वर्षं आम्ही त्यांचे पेर खाऊन काढली.

झाडं लावताना त्यांनी कुंपणावरून बघितलं होतं आणि इंग्रजीतली एक म्हण ऐकवली होती. तिचा भावार्थ असा की पेर लावायचा तो वारसांसाठी. मी ती अण्णांना सांगितली. "आमी दुसऱ्या वर्षी द्राक्ष घेतो," असं त्यांचं उत्तर होतं, आणि ते साहेबाला कळवायला त्यांनी मला सांगितलं. मी ते कळवलं नाही.

पहिला हिवाळा आला, छाटणीची वेळ आली. पेराची मुख्य छाटणी झाड झोपलेलं असताना करायची, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मधोमध मोकळं, चहूबाजूंनी फांद्या, पेल्यासारखा आकार. पुस्तकात हे चार चित्रांत होतं. माझ्या झाडाची चार चित्रांपैकी एकाशीही ओळख नव्हती. मी प्रत्येक फांदीचा फोटो काढून, डोळ्याभोवती लाल गोल करून अण्णांना पाठवायचो: 'हा का तो?' तिकडे जानेवारी म्हणजे द्राक्षाचा माल भरात. व्यापारी दारात, क्रेटचे ढीग. त्या गदारोळात अण्णांचे आवाजी निरोप यायचे. "भाईरच्या डोळ्यावर काप... ए, ती क्रेट तिकडं ठिव... तिरका काप घे... आरं घड खाली पडला की त्यो!" मी एकदा 'घड खाली पडला' ही सूचना समजून झाडाखाली शोधत होतो.

आणि दर निरोपाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं. "फोटूवर छाटणी न्हाई हुत लेका. हातात काडी पायजे."

तिसऱ्या वसंतात दोन्ही झाडं फुलली. पेराचा फुलोरा पांढराशुभ्र, आणि त्या वेळी मधमाश्यांनी आमच्याकडे गर्दी करावी अशी अपेक्षा होती. त्या समोरच्या हिरवळीवरच्या पिवळ्या डँडेलियनवर बसल्या होत्या. पेराच्या मधात साखर फार कमी असते. बिनसाखरेचा चहा ठेवला तर पाहुणे शेजारी जाणारच.

तरी काहींनी मनावर घेतलं असावं, कारण मेमध्ये विल्यम्सवर चिमुकली फळं दिसू लागली. त्यातली सहा-सात तर इतकी भराभर वाढली, अशी गुटगुटीत गोल झाली की बाकीची त्यांच्यापुढे कुपोषित वाटावीत. मी त्यांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. आत्यानं हात जोडले. चुलत्यांनी 'अभिनंदन' लिहून पुढे फुलांचा गुच्छ टाकला. मिरजेहून कुणीतरी दृष्ट काढायला सांगितलं. अण्णांचा एकच निरोप आला. "त्यातलं एक फोड."

फोडलं. आत पांढऱ्या बारीक अळ्यांची सार्वजनिक सभा भरली होती. पेरावरची एक चिलटाएवढी माशी कळ्यांमध्ये अंडी घालते, अळ्या आतून फळ पोखरतात आणि असं फळ आधी झपाट्यानं फुगतं, मग काळं पडून गळतं. त्यांतल्या अळ्या मातीत शिरून पुढच्या वर्षीची वाट बघतात, म्हणून ती फळं वेचून नष्ट करायची. अण्णांना हे फोटोवरून कसं कळलं? "लौकर बाळसं धरणारं काय बी खरं नसतं," ते म्हणाले. मला आमच्या चुलतभावाची पतसंस्था आठवली.

त्याच वर्षी अण्णा आणि आई पहिल्यांदा आले. मेमध्ये, खरड छाटणी उरकून. परतीचं तिकीट सप्टेंबर अखेरचं, फळछाटणीच्या तोंडावर. दोन छाटण्यांच्या मधली फट ती त्यांची सुट्टी. बॅग उघडली तर आईच्या बाजूला मेतकूट, कांदा-लसूण मसाला, पापड. अण्णांच्या बाजूला धोतरात गुंडाळलेलं सिकेटर. लाल मुठीचं, पात्याला तेल दिलेलं, माझ्यापेक्षा वयानं थोडंच लहान.

"चल," अण्णा म्हणाले. अजून चहा झाला नव्हता.

मला सांगावं लागलं की आत्ता नाही. झाड पानावर आहे, छाटणी हिवाळ्यात. अण्णांनी माझ्याकडे, मग झाडाकडे, मग हातातल्या सिकेटरकडे पाहिलं. लग्नाला यावं आणि वऱ्हाड कालच गेल्याचं कळावं, तसा चेहरा. त्यानंतरचे महिने ते रोज सकाळी हात पाठीमागे बांधून झाडाला दोन फेऱ्या मारायचे, वाकडी गेलेली फांदी दिसली की जिभेनं 'च्यक' करायचे आणि घरात यायचे. रात्री त्यांच्या खोलीतून आवाज यायचा, टिक, टिक, टिक. बायकोला वाटलं रेडिएटर बिघडला. मी दार ढकलून बघितलं. अण्णा पलंगावर बसून सिकेटरची उघडझाप करत होते.

जुलैमध्ये पानांवर झगझगीत नारिंगी ठिपके आले. मी पुस्तक शोधेपर्यंत अण्णा म्हणाले, "तांबेरा." कुंपणापलीकडून साहेब म्हणाले, "रस्ट." दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मान हलवली. त्या दिवसापासून त्यांची मैत्री जमली. अण्णांना इंग्रजी येत नाही, साहेबाला मराठी येत नाही, आणि दोघांचंही त्यावाचून काही अडलं नाही. अण्णा फळावरच्या काळ्या डागाकडे बोट करायचे, "करपा." साहेब म्हणायचा, "स्कॅब." मग दोघं मिळून मान हलवायचे आणि माझ्याकडे बघायचे. भाषा येणारा मी एकटा, आणि रोगाचं नाव मला दोन्ही भाषांत दुसऱ्याकडून कळायचं.

हा पेराचा तांबेरा म्हणजे मोठा बेरकी गृहस्थ. त्याचं एका घरात भागत नाही. उन्हाळा पेराच्या पानांवर काढायचा, शरदात जुनिपर नावाच्या झुडपावर जायचं, हिवाळा तिथं काढून वसंतात पुन्हा पेरावर. दोन्हीकडे राहिल्याशिवाय त्याचं आयुष्य पुरं होत नाही. मी हे जेवताना वाचून दाखवलं. "निम्मं वर्ष इकडं, निम्मं तिकडं," बायको म्हणाली आणि तिनं पटकन अण्णांना आमटी वाढली.

अण्णांनी मात्र वेगळीच गोष्ट काढली. एक झाड तासगावला न्यायचं. मी समजावलं की याला थंडीची झोप लागते, शेकडो तास, सात अंशांच्या खालची. म्हणून तो काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात होतो, नाहीतर निलगिरीच्या डोंगरात. तासगावात हा नुसता जागा राहील.

"पेस्ट लावतो की," अण्णा म्हणाले. ऑक्टोबरात द्राक्षाच्या डोळ्यांना जाग आणायला जे रसायन लावतात, ते. "डोळं फोडायचं काम हाय ना?"

"अण्णा, झोपच झाली नाही तर उठवणार कुणाला?"

यावर त्यांनी बराच विचार केला. "राजपुत्र," एवढंच म्हणून ते पुन्हा फेरी मारायला गेले.

पुढच्या वर्षी ऐन फुलात दव गोठलं. पारा उणे दोनच्या आसपास उतरला की पेराच्या फुलाचं काळीज काळं पडतं. पाकळ्या तशाच पांढऱ्या, त्यामुळे लवकर कळतही नाही. रात्री अकरा वाजता मी आणि बायको टॉर्च घेऊन झाडांवर कापड पांघरत होतो. कापड अपुरं पडलं तेव्हा आईची गोधडी बाहेर आली. कॉन्फरन्सला कापड, विल्यम्सला गोधडी. सकाळी बघितलं तर दोघंही गारठून गेलेले. फक्त गोधडी कुणी नेली याचा आईनं लावलेला तपास त्या वर्षी फळाला आला.

आणि मग ते वर्ष उजाडलं. विल्यम्सनं पुन्हा अळ्यांचीच सोय केली, पण कॉन्फरन्सनं मनावर घेतलं. अण्णा आले तेव्हा झाडावर झुबक्यांनी फळं होती. मी मोजली होती, एकोणचाळीस. बायकोनं त्यांतल्या काहींना मनातल्या मनात माणसंही नेमली होती.

"विरळणी," अण्णा म्हणाले.

पुस्तकानंही तेच सांगितलं होतं. जूनमध्ये थोडी फळं आपोआप गळतात, उरलेल्यांतून झुबक्याला एक किंवा दोन ठेवायची. पुस्तक आणि अण्णा यांच्या एकमताची ही दुसरी नोंद. अखेर सिकेटर कायदेशीररीत्या म्यानाबाहेर आलं. अण्णा झाडापाशी उभे राहिले. डाव्या हाताच्या दोन बोटांत झुबका, अंगठा फळाखाली, उजवीकडे एकच बारीक 'टिक'. पान हललं नाही, शेजारच्या फळाला धक्का नाही. पंचाहत्तरीचा माणूस, पण हात कसा, गवयाचा ताल धरलेला हात असावा तसा. साहेब पलीकडून चहाचा कप खाली न ठेवता बघत राहिला. बायको आत निघून गेली. तिला ते बघवेना.

सोळा राहिली. त्यांतली चार काळ्या पक्ष्यांनी चोचीनं चाखून नापास केली, तीन गांधीलमाश्यांनी आतून पोखरून वरून साल शाबूत ठेवली. उरली नऊ.

सप्टेंबर सरत आला. तिकीट 28 तारखेचं. पेर झाडावर पिकू द्यायचा नसतो. तो आतून, गाभ्यापासून पिकत येतो. बाहेरून मऊ लागेपर्यंत मधून सडलेला असतो. म्हणून कडक असतानाच उतरवायचा. फळ हातात घेऊन आडवं उचलायचं, देठ आपोआप सुटला तर तयार. 17 तारखेला अण्णांनी पहिलं फळ उचललं. सुटलं. नऊच्या नऊ सुटले. दगडासारखे कडक, हिरवे, अंगावर तपकिरी खरखर. आणि ते पिकायला हातात अकरा दिवस.

इथे आईनं सूत्रं हातात घेतली. तिनं मला पुस्तक मिटायला सांगितलं. "आंबा झाडावर पिकवतोस का?" तिनं विचारलं. गवत नव्हतं म्हणून वर्तमानपत्रं फाडली. खोक्यात थर लावले, मध्ये चार पिकली केळी ठेवली, वर जुनी शाल, आणि आढी बॉयलरच्या कपाटात गेली. कपाटाला तिनं चिठ्ठी लावली: 'हात लावू नये.' चिठ्ठी अण्णांसाठी होती.

उपयोग झाला नाही. पेर पिकला की नाही ते देठाजवळ मान हलकेच दाबून बघतात. अण्णांना ही पद्धत मीच सांगितली होती, ही माझी चूक. सकाळी ते दाबायचे, दुपारी दाबायचे, रात्री पाणी प्यायला उठले की दाबायचे. पाचव्या दिवसापर्यंत दोन पेरांच्या मानेवर त्यांच्या अंगठ्याचा शिक्का उमटला होता. आईनं ते दोन वेगळे काढून कोशिंबीर केली. कच्च्या पेराची, दाण्याचा कूट घालून. चांगली झाली होती.

27 तारखेच्या संध्याकाळी बॅगा भरून झाल्या. आईनं कपाट उघडलं आणि नुसता वास घेतला. "झाला," ती म्हणाली. कुणी मान दाबली नाही.

एकच पेर घेतला. अण्णांनी खिशातल्या चाकूनं उभ्या फोडी केल्या. रस चाकूवरून मनगटावर, मनगटावरून सदऱ्याच्या बाहीत. चार वर्षांची मशागत, एका रात्रीची थंडी, अळ्या, तांबेरा, गोधडी, सगळं त्या पाच फोडींत होतं. गर लोण्यासारखा, मध्येच दाताखाली रव्यासारखी बारीक कचकच. पोरानं बोटं चाटली. बायकोनं डोळे मिटले. साहेबाची फोड मी कुंपणावरून देऊन आलो. त्यानं खाल्ली, बराच वेळ काही बोलला नाही आणि मग आतून त्याच्या फुकटच्या खोक्यातले सहा पेर आणून माझ्या हातात ठेवले. याचा अर्थ मी अजून लावलेला नाही.

सगळे अण्णांकडे बघत होतो. त्यांनी फोड संपवली. बी चाकूच्या टोकानं बाजूला केली. मनगट पुसलं.

"पेरू बरा," ते म्हणाले.

पोर्तुगीजांनी पेरूत पेर बघितला होता. आमच्या अण्णांनी चारशे वर्षांनी हिशेब चुकता केला.

सकाळी टॅक्सी आली. बॅगा ठेवल्यावर मला खिडकीच्या कट्ट्यावर लाल मुठीचं सिकेटर दिसलं, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. मी धावत घेऊन गेलो.

"अण्णा, हे राहिलं."

"ऱ्हाईलं न्हाई. ठिवलंय." ते आत बसले, पट्टा लावायची खटपट करू लागले. "ती दक्षिणंकडची फांदी लई आत गेलीया. हात लावू नगंस. मी आल्यावर बघू."

"अण्णा, तुम्ही येणार मेमध्ये. छाटणी जानेवारीत असते."

"मग जानेवारीत येतो."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. आमच्यात हा दोष वडिलांकडून आलेला आहे. "आणि द्राक्षं?"

"थोरला हाय की," अण्णा म्हणाले आणि काच वर केली. शेजारी बसलेली आई माझ्याकडे बघत नव्हती, पण तिच्या गालावरची हालचाल मला कळते.

परवा त्यांच्या व्हिसाचा फॉर्म भरायला बसलो. फोन चालूच होता. भेटीचं कारण या रकान्यात काय लिहू, म्हणून विचारलं.

"छाटणी," अण्णा म्हणाले.

फॉर्ममध्ये तसा पर्याय नव्हता. मी 'कुटुंबाला भेट' यावर खूण केली. मग खाली कुटुंबात कोण कोण आहे, ते विचारलं होतं. मी, बायको, मुलगा. चौथी ओळ रिकामी राहिली. अण्णांना सांगितलं असतं तर त्यांनी ती भरायला लावली असती, म्हणून मी ते वाचून दाखवलं नाही.